साळव्यांचे तीन रकाने

चैत्रातला सोमवार, सकाळचे साडेदहा. मध्यभारत राज्य होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. हजर: शाखाप्रमुख गोविंदराव दिघे, जुने दस्तऐवज वाचण्यासाठी हजीरा भागातले मुन्शी अख्तर हुसेन, चपराशी रामसहाय, टंकलेखनाला मी, कुसुम आपटे, आणि भूमापन खात्यातून त्याच दिवशी बदलून आलेले मुरारचे लक्ष्मण भिकाजी साळवे. एकूण पाच. गैरहजर कुणी नाही.

ही नोंद माझ्याच हातची आहे. कोण हजर होतं, काय ठरलं आणि कुणाकडे काय राहिलं, हे लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या पाचांपैकी ग्वाल्हेरात आज मी एकटी आहे. साळव्यांविषयी लिहायचं तर ते मलाच लिहायला हवं.

आमचं काम सांगायला सोपं होतं. वीस-बावीस संस्थानं एकत्र झाली होती आणि प्रत्येकाचे नियम वेगळे होते. जन्मामुळे किंवा रोगामुळे माणसांना बाहेर ठेवणारे नियम त्यांतून शोधायचे आणि त्यांची यादी वर पाठवायची, म्हणजे ते रद्द होतील. दिघेसाहेबांनी पहिल्याच दिवशी समजावून दिलं, "जे लिहिलेलं आहे ते शोधायचं, नोंदवायचं आणि खोडायचं. सहा महिन्यांचं काम."

साळवे दाराशी उभे होते. त्यांनी विचारलं, "आणि न लिहिलेलं, साहेब?"

"ते कुठं सापडणार तुम्हाला?"

"जागेवर," साळवे म्हणाले.

साहेब हसले आणि पुढच्या कामाकडे वळले.

साळवे तेव्हा पस्तिशीचे असतील. उंच, काटक, रंगाने सावळे. अंगावर कायम धुवट खादीचा कोट. पणजोबा साताऱ्याकडून फौजेबरोबर आले आणि मुरारला, इथल्या छावणीच्या भागात, राहिले. मुरारच्या महारांच्या वस्तीत त्यांचं घर होतं. आमच्यासारखी लश्कर या पेठेतली मराठी घरं बोलता बोलता हिंदीत कधी शिरायची ते आम्हालाही कळत नसे. साळव्यांच्या घरात मात्र जुनी दक्षिणी बोली टिकून होती. भूमापन खात्यात त्यांनी दहा वर्षं जरीब ओढली होती. जमीन मोजायच्या लोखंडी साखळीला आमच्याकडे जरीब म्हणतात. रात्रशाळेत शिकून ते कारकून झाले, पण चालणं जरीबवाल्याचंच राहिलं. प्रत्येक पाऊल सारखं. मुरारहून लश्करच्या आमच्या कचेरीपर्यंत रोज पायी यायचे आणि आल्यावर कपाळ पुसून आधी पावलांचा आकडा टिपायचे.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला व्हरांड्यात फीत अंथरून ते स्वतःचं पाऊल तपासत. मी एकदा विचारलं, "दर महिन्याला कशाला?"

"वयानं पाऊल आखडतं, कुसुमताई. आपलंच पाऊल खोटं असलं तर दुसऱ्याचं अंतर काय सांगणार?"

त्यांची दुसरी खोड विशेषणांची. अहवालाचा कच्चा मसुदा माझ्याकडे टंकायला येई तेव्हा त्यात 'अमानुष', 'लाजिरवाणी', 'दुर्दैवी' असे शब्द दिघेसाहेबांनी मोठ्या कळकळीने घातलेले असत. साळवे पेन्सिलीने एकेक काढून टाकत. साहेबांना राग येई. "अहो, तुमच्याच बाजूनं लिहितोय मी."

"बाजू नको, साहेब. 'लाजिरवाणी' किती पावलं असते? वरचा अधिकारी वाचेल, हळहळेल आणि फाईल बांधून ठेवील. आकडा असला तर त्याला काहीतरी लिहावं लागेल."

मुन्शीजी वयानं वडील, थट्टेखोर. ते एकदा पान लावता लावता म्हणाले, "मियाँ साळवे, ज़मीन नापना तो समझ में आया. नफ़रत कैसे नापोगे?"

"नफ़रत नहीं नाप रहा, मुन्शीजी. वो तो आदमी के दिल में है, आदमी जाने. मैं इंतज़ाम नाप रहा हूँ."

हाच त्यांचा सगळा विचार होता. माणसाच्या मनातला तिटकारा एक आणि बंदोबस्तात, म्हणजे रोजच्या व्यवस्थेत, बसलेला बट्टा दुसरा. तिटकारा असलेला माणूस बदलून जातो, मरतो, कधी सुधारतोही. बंदोबस्तातला बट्टा मात्र कुणी वाईट नसतानाही आपलं काम करत राहतो. म्हणून ते गावात कुणालाच 'तुम्ही यांना वाईट वागवता का' असं विचारत नसत. त्याचं उत्तर सगळीकडे सारखंच मिळतं, असं म्हणत.

त्यांनी आपल्या वहीत तीन रकाने आखले होते. पहिला, कागदावर काय आहे. दुसरा, जागेवर काय आहे. म्हणजे सर्वांची विहीर, शाळेची चटई, दवाखान्याची खिडकी आणि याच माणसांसाठीची जागा, यांच्यातलं अंतर पावलांत. तिसऱ्याला ते 'विचारणा' म्हणत. एखादी गोष्ट मिळवायला किती जणांना विचारावं लागतं, याची मोजणी. इतरांना किती आणि यांना किती. दोन आकडे शेजारी शेजारी.

हा तिसरा रकाना कसा भरतात ते मी एकदाच पाहिलं. भिंडकडच्या एका ठाण्यात आम्ही जुनी हजेरीची पुस्तकं पाहायला गेलो होतो. काही जमातींतल्या प्रत्येक पुरुषाला गुन्हा असो वा नसो ठाण्यात येऊन हजेरी लावावी लागे. जन्माला आला की नाव पुस्तकात. त्या दिवशी एक म्हातारा दाराशी बसला होता. पलीकडच्या गावात मुलीचं लग्न होतं आणि त्याला परवानगी हवी होती. साळव्यांनी त्याच्याजवळ उकिडवं बसून विचारलं, कुणाकुणाला विचारलंत? मुखिया, चौकीदार, ठाण्याचा मुन्शी. आता दारोगासाहेब.

मग साळवे आत जाऊन दारोग्याला म्हणाले, "हुज़ूर, आपकी बेटी की शादी हो तो आपको किससे पूछना पड़ेगा?"

दारोगा खुशीत होता. "बीवी से," तो म्हणाला. सगळे हसले. मग जरा विचार करून म्हणाला, "छुट्टी के लिए कप्तान साहब से."

"तो दो लिखूँ?"

"अरे, बीवी को मत लिखो यार."

साळव्यांनी लिहिलं: चार आणि एक. दारोगा वहीत डोकावला. त्याचं हसू हळूहळू मावळलं. म्हाताऱ्याला परवानगी त्याच बैठकीत मिळाली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "चांगला माणूस निघाला." साळवे म्हणाले, "हो, चांगला आहे. तरी चारच."

त्या वर्षाच्या अखेरीला त्यांनी आपल्या शाखेचाच तक्ता भरून साहेबांच्या टेबलावर ठेवला. मी तिथंच होते. त्यात लिहिलं होतं: मटका एक. पितळी गिलास चार, मटक्याशेजारी. काचेचा गिलास एक, मागच्या खिडकीच्या कठड्यावर. अंतर नऊ पावलं. विचारणा: इतरांना शून्य, एकास एक (रामसहाय).

दिघेसाहेबांचा चेहरा उतरला. "साळवे, मी कधी तुम्हाला नाही म्हटलं का? रामसहायला मी तसं सांगितलंय का?"

"नाही, साहेब. त्यानंही कधी नाही म्हटलं नाही. मागितलं की ओततो. म्हणून यात कुणाचं नाव नाही. फक्त गिलासाची जागा आहे."

तो गिलास मी वर्षभर रोज पाहत होते. खिडकीत गिलास असतो, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः उचलून तो त्या चार गिलासांच्या शेजारी ठेवला. रामसहाय दोन दिवस कुणाशी बोलला नाही, मग बोलायला लागला. साळव्यांनी तक्त्यात तारीख घालून 'शून्य' लिहिलं आणि पान उलटलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते.

सहा महिन्यांच्या कामाला दोन वर्षं झाली होती. वरून निकड लागली. दिघेसाहेबांनी तीन रकान्यांचा तक्ता छोटा करून एकाच आकड्याचा केला. प्रतिबंध करणारे नियम: संख्या. प्रत्येक संस्थेने आपला आकडा कळवायचा, एकही नियम नसेल तर सरकारी रिवाजाप्रमाणे 'निरंक' लिहायचं. साळवे काही बोलले नाहीत. त्यांना शिवपुरीकडच्या दौऱ्यावर जायचं होतं आणि ते गेले.

ते नसताना आकडे आले आणि मी ते टंकले. एका जुन्या शाळेचे अकरा नियम निघाले. वेगळी चटई, वेगळी घंटा, सगळं सविस्तर लिहिलेलं. ती शाळा यादीत सर्वांत वाईट ठरली. बायकांच्या मोठ्या दवाखान्यात नर्स आणि दाईचा शिक्षणवर्ग होता. तिथून उत्तर आलं, निरंक. मी निरंक टंकलं. खाली 'तयार करणार' या शब्दांपुढे तक्त्याचं काम ज्याच्याकडे असेल त्याचं नाव घालायची पद्धत होती, म्हणून मी ल. भि. साळवे घातलं. साहेबांनी सही केली. महिन्याभरात वरून शेरा आला: निरंक संस्थांबाबत कारवाईची गरज नाही.

साळव्यांना एक धाकटी बहीण होती, शेवंता. मॅट्रिक झालेली, माझ्याच वयाची. वडील गेल्यावर साळव्यांनीच तिला शिकवलं होतं. त्याच महिन्यात तिने दवाखान्यातल्या त्या नर्सच्या वर्गासाठी अर्ज केला. तिला गुण चांगले होते आणि वर्गात जागा होती. अर्ज परत आला: वसतिगृहात सोय नाही.

साळवे तिला घेऊन तिथं गेले. बरोबर एक बाईमाणूस असावं म्हणून मीही गेले. वर्गाच्या मुख्य बाई सुस्वभावी होत्या. त्यांनी शेवंताला खुर्ची दिली, पाणी दिलं. "हमारे यहाँ कोई रोक नहीं है, भाईसाहब. आप नियम देख लीजिए."

नियमात खरंच काही नव्हतं. पण वसतिगृहात मुली चौके, म्हणजे वेगवेगळ्या चुली, करून राहत. चार-पाच मुलींचा एक चौका, आळीपाळीनं स्वयंपाक, आणि ज्या चौक्याची मुलगी त्याच चौक्याच्या खोलीत तिची खाट. नवीन मुलीला एखाद्या चौक्याने 'आमच्यात घेतो' म्हणायचं, मग खाट मिळायची. हे कधी कुणी लिहिलेलं नव्हतं. ब्राह्मणांच्या मुलींचा चौका होता, मराठ्यांच्या मुलींचा होता, कायस्थांच्या, वैश्यांच्या मुलींचा होता. मुख्य बाईंनी आमच्यासमोर चारही खोल्यांत विचारून पाहिलं. एकाही मुलीनं वाईट शब्द काढला नाही. कुणी म्हणालं जागा अपुरी आहे, कुणी म्हणालं घरी विचारावं लागेल.

शेवंतानं विचारलं, "मैं अपना अलग पका लूँ तो?"

"चौका तो कम से कम चार का होता है, बेटी," बाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं.

परतताना आम्ही नई सडकेपर्यंत चालत आलो. तिथं साळवे थांबले. म्हणाले, "शाळेनं अकरा ओळी लिहिल्या, कारण तिथं कुणीतरी कधी दार ठोठावलं असेल. इथं लिहायची वेळच आली नाही. आणि आपण त्याला निरंक म्हटलं."

"आपण नाही, मी," मी म्हणाले. "मी टंकलं. तुमचं नावही मीच घातलं."

"फॉर्म लहान झाला तेव्हा मी गप्प बसलो होतो, ताई. नाव बरोबर आहे."

शेवंता शांतपणे म्हणाली, "दादा, नाव कुणाचंबी असू दे. माझी खाट कुठं हाय?"

साळव्यांनी दाद मागितली. उत्तर आलं की संस्था निरंक आहे आणि ते विवरण अर्जदाराच्या बंधूंनी स्वतः तयार केलं आहे. विवरण मी त्यांच्यामागे तयार केलं, असं त्यांनी एकदा लिहिलं असतं तर गोष्ट मिटली असती. माझी नोकरी तेव्हा हंगामी होती. त्यांनी लिहिलं नाही आणि मी लिहीन म्हटलं तर म्हणाले, "तुमची नोकरी जाईल आणि निरंक तसंच राहील. हिशोब जुळत नाही."

मग ते पुन्हा पाहणीला लागले. लहान झालेला तक्ता परत तीन रकान्यांचा करून ते खात्यामागून खातं, संस्थेमागून संस्था फिरले. विशेषतः जिथं निरंक होतं तिथं आधी गेले. त्या दवाखान्याच्या पानावर त्यांनी लिहिलं: कागदावर शून्य. जागेवर, सर्वांत जवळची खाट जिथं मिळू शकेल ती दवाखान्याबाहेर, पावलं तीन हजारांवर. विचारणा: इतरांना एक चौका, हिला चारही, उत्तर नाही. शेवटी सूचना: प्रवेश मिळालेल्या मुलीला खाट देणं ही संस्थेची जबाबदारी राहील, चौक्याची नव्हे, असा नियम करावा.

दिघेसाहेब वैतागले. "आपण नियम खोडायला बसलोय, साळवे. तुम्ही नवीन लिहा म्हणता."

"जिथं लिहिलेलंच नाही तिथं खोडणार काय, साहेब?"

साहेबांनी ते पान पुन्हा वरपासून वाचलं. मग त्यांनी सही केली आणि पुढची दीड वर्षं ते पान घेऊन ते स्वतः वरच्या मजल्यावर जात राहिले, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. तो नियम झाला. शेवंताला खाट मिळाली, दोन वर्षांनी. ती दोन वर्षं तिनं त्याच दवाखान्यात आया म्हणून काढली. ज्या मुलींच्या वर्गात बसायचं होतं त्यांचे वॉर्ड ती पुसत होती. नियम झाला त्या दिवशी साळव्यांनी शाखेत पेढे आणले. पहिला पेढा रामसहायनं त्यांच्या हातून घेतला आणि खाल्ला. साळव्यांनी ते कुठं नोंदवलं नाही. मीच सांगते आहे.

पुढं राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारत गेलं, राजधानी भोपाळला गेली आणि आमची शाखा मोडली. मुन्शीजी निवृत्त झाले. साळव्यांचं नाव भोपाळच्या यादीत आलं, माझं ग्वाल्हेरच्या. शेवंता नर्स झाली आणि मुरारच्या दवाखान्यात लागली. साळवे भोपाळहून वर्षातून एक पत्र पाठवत. त्यात नव्या कार्यालयाचं वर्णन नसे, फक्त मटका आणि गिलास यांच्यातलं अंतर असे. पाच-सहा वर्षांनी पत्र आलं नाही. ते तिथंच गेले.

गेल्या आठवड्यात शेवंताबाई माझ्याकडे आल्या. केस पिकले आहेत, चाल मात्र भावाचीच. मुख्य परिचारिकेची जागा रिकामी होते आहे. ज्येष्ठतेत त्यांच्यापुढे एक बाई आहेत, ज्या वर्गात शेवंताबाई पहिल्यांदा बसायला हव्या होत्या त्याच वर्गातल्या. शेवंताबाईंनी अर्ज दिला की मला दोन वर्षं बाहेर ठेवलं होतं, ती धरावीत. उत्तराचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. अभिलेखानुसार त्या काळी संस्थेत कोणताही प्रतिबंध नव्हता. विवरण निरंक असून ते आपल्याच बंधूंनी तयार केलेलं आहे.

"दुसरी पाहणी?" मी विचारलं.

"ती मिळत न्हाई म्हणत्यात. कुसुमताई, तुम्हाला ठावं हाय सगळं. दादा तर सांगायला न्हाई."

दुसरी पाहणी का मिळत नाही ते मला ठाऊक आहे. ज्या दिवशी कागद भोपाळला निघाले त्या दिवशी मी साळव्यांना शेवटचं पाहिलं. अंगणात ट्रक उभा होता. हुकूम असा होता की अंतिम विवरणं भोपाळला जातील आणि कच्चे कागद इथंच नष्ट होतील. पहिला तक्ता अंतिम होता. साळव्यांची दुसरी पाहणी नियम होण्यापुरती वापरली गेली, तिला अंतिम असा शिक्का कुणी मारलाच नव्हता. साळवे ट्रकवर गठ्ठ्यांमध्ये उभे होते, कोट काढून, बाह्या दुमडून, एकेक गठ्ठा वर ओढून घेत. पहिल्या तक्त्याचा गठ्ठा हातात आल्यावर ते खाली वाकले.

"कुसुमताई, या निरंकच्या पानाला एक चिठ्ठी लावा. हे विवरण चुकीचं आहे, एवढंच. तुमची सही पुरे. आता तुम्ही कायम झालात, नोकरीला धक्का नाही."

"गठ्ठा बांधलाय आता," मी म्हणाले. "मागून टपालानं पाठवते."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी गठ्ठा रचला, दोर घट्ट केला आणि ट्रक निघाला तेव्हा त्याच्यावर हात ठेवून मागं, आमच्याकडे तोंड करून उभे होते. अंगणात खूप धूळ उडाली. फाटकाबाहेर वळेपर्यंत त्यांचा हात गठ्ठ्यावरच होता.

चिठ्ठी पाठवणं त्या दिवसाच्या माझ्या यादीत शेवटचं काम होतं. यादी अजून माझ्याजवळ आहे. बाकी सगळ्यांपुढे बरोबरची खूण आहे.

शेवंताबाईंना माझं शपथपत्र हवं आहे: विवरण कुणी टंकलं, नाव कुणी घातलं, ते चुकीचं कसं होतं आणि दुसरी पाहणी झाली होती. मुदत या महिनाअखेरीची आहे. कचेरीत लागणारे कागद मी काढून ठेवले आहेत, साक्षीदार ठरले आहेत, शेवंताबाई उद्या अकराला येणार आहेत. शपथपत्र अजून लिहायचं आहे.